पुण्यात नव्यानं आलात? लहान मुलाची खाजगी शाळा निवडण्याआधी

लातूरहून वाकडला आलो तेव्हा लेक साडेपाच वर्षांची होती. सामानाचे खोके अजून फोडले नव्हते, मे महिना निम्मा सरला होता आणि जो भेटेल तो एकच विचारायचा, "ॲडमिशन झाली का?" घाबरून आम्ही पाच दिवसांत शाळा ठरवली. इमारत देखणी होती, माहितीपत्रक गुळगुळीत होतं आणि ऑफिसातल्या मॅडम गोड बोलत होत्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली. महिनाअखेरीस लक्षात आलं, की तिची पाण्याची बाटली रोज जशीच्या तशी भरलेली घरी येतेय. ओरडून झालं, समजावून झालं. एका रात्री अंथरुणात ती हळूच म्हणाली, "आई, तिथल्या बाथरूमची कडी वर आहे, माझा हात पोचत नाही. म्हणून मी पाणीच पीत नाही."

ती कडी मी ॲडमिशनच्या वेळी पाहिली नव्हती. पाहायचं सुचलंच नव्हतं. पुढच्या वर्षी शाळा बदलली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत नव्यानं येणाऱ्या कितीतरी घरांसोबत मी शाळा बघत हिंडले आहे. बालवाडी ते दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी काय बघायचं आणि कुठल्या क्रमानं, ते इथे लिहिते. लहान मुलाची शाळा म्हणजे घरापासून वर्गापर्यंतचा रस्ता, वर्गातल्या बाई आणि ती कडी. बोर्ड, बक्षिसं आणि स्विमिंग पूल नंतर.

आधी शाळा, मग भाडेकरार

बहुतेक जण ऑफिसजवळ घर घेतात आणि मग जवळपास शाळा शोधतात. मूल लहान असेल तर हा क्रम उलटा करा. दोन-तीन शाळा मनात आल्या की त्यांच्या आसपास घर बघा. मोठ्या माणसाला तासभर प्रवास झेपतो, सहा वर्षांच्या पोराला नाही.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. मूल बसमध्ये जाताना एक तास आणि येताना एक तास बसलं, तर २०० दिवसांत ४०० तास होतात. म्हणजे वर्षभरात जेवढं शिकायचं, त्याच्या निम्मा वेळ खिडकीला डोकं टेकून पेंगण्यात जाणार. आमची लेक पहिल्या शाळेत तेच करायची. बसमधून मावशी तिला झोपेतच खाली द्यायच्या, आणि डब्यातली पोळी-भाजी निम्मी शिल्लक असायची.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, आणि नकाशा रविवारी दुपारी उघडून वेळ बघू नका. कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, स्वतः गाडीवर बसून तो रस्ता एकदा करा. वाकडहून हिंजवडीकडे, वाघोलीहून खराडीकडे किंवा कात्रज-कोंढवा रस्त्यावर तीन किलोमीटरला कधी दहा मिनिटं लागतात, कधी चाळीस. पावसाळ्यात त्याहून जास्त. बस तुमच्या दारातून थेट शाळेत जात नाही, हेही धरा. तुमचा थांबा पहिला असेल तर मूल सगळ्यांत आधी चढतं आणि बऱ्याच फेऱ्यांत सगळ्यांत शेवटी उतरतं. म्हणून 'बस आहे का' एवढ्यावर थांबू नका. 'आमच्या थांब्यावर किती वाजता येते आणि दुपारी किती वाजता सोडते' हे विचारा. माझ्या मते लहान मुलासाठी एका बाजूला पंचवीस-तीस मिनिटं ही हद्द. त्यापलीकडची शाळा कितीही नावाजलेली असली तरी मी सोडून देईन.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. तरी लवकर भरणाऱ्या शाळा आहेत, त्यामुळे वेळ नक्की विचारून घ्या. सातची शाळा म्हणजे पोराला साडेपाचला उठवणं.

कुठल्या महिन्यात आलात, त्यावर बरंच अवलंबून

पुण्यात राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. सीबीएसईच्या पुष्कळ शाळांचं वर्ष मात्र एप्रिलमध्येच सुरू होतं. विदर्भातून येणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते, कारण तिकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाला उघडतात आणि 'अजून वेळ आहे' असं वाटत राहतं. मागणी असलेल्या शाळांचे नर्सरीचे प्रवेश तर आधीच्या दिवाळीच्या सुमारास सुरू होतात. बदली निश्चित झाली की त्याच आठवड्यात फोन करायला लागा. पहिली, दुसरी, तिसरीच्या जागा मात्र मे-जूनमध्येही निघतात, कारण याच दिवसांत इथूनही माणसं बदलून जातात. 'जागा नाही' असं एकदा ऐकून यादीतून नाव काढू नका. दर आठवड्याला एक फोन करा.

वयाचा हिशेबही आत्ताच करा. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी आणि सहा पूर्ण होत असतील तर पहिली. दिल्लीत किंवा केंद्रीय विद्यालयात ही तारीख ३१ मार्च आहे. म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्ये जन्मलेलं मूल आपल्याकडे जून २०२६ मध्ये पहिलीत बसू शकतं, केंद्रीय विद्यालयात त्याच वर्षी बसू शकत नाही. तुमची नोकरी फिरतीची असेल आणि पुढची बदली राज्याबाहेर होणार असेल, तर हा फरक पुढे आडवा येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना एक वर्ष थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ती वर्गात सगळ्यांत लहान असतात आणि पेन्सिल धरण्यापासून रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळ्यातच त्यांची दमछाक होते.

पाटीवरचं नाव आणि कागदावरची शाळा

'खाजगी शाळा' असं आपण एका शब्दात म्हणतो, पण आत प्रकार आहेत. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देतं, फी फार थोडी असते. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा फीवर चालतात. पुण्यातल्या जुन्या शिक्षणसंस्थांच्या छत्राखाली दोन्ही प्रकारच्या शाळा असू शकतात. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी १८६० ची, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. अशा नावांवर लोक डोळे झाकून विश्वास टाकतात आणि तो कमावलेला आहे. तरीही संस्थेचं नाव बघून फीचा अंदाज बांधू नका. तुम्ही ज्या शाखेत जाताय ती कोणत्या प्रकारात मोडते ते विचारा.

मग मान्यता. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो मागा आणि युडायस प्लसच्या संकेतस्थळावर टाकून बघा. शाळेचं नाव, पत्ता, इयत्ता कुठपर्यंत, माध्यम कोणतं, सगळं तिथे दिसतं. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादीही जाहीर करतो, तीही चाळा. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर कायद्यानं एक लाखापर्यंत दंड आहे, पण दंड शाळेला होतो आणि वर्ष आपल्या मुलाचं जातं.

'सीबीएसई पॅटर्न' हे शब्द दिसले की तिथेच थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. शाळा सीबीएसईशी संलग्न असेल तर तिला संलग्नता क्रमांक असतो आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तो सापडतो. 'प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या वर्षी मिळेल' असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. देणार नाहीत, आणि तेच तुमचं उत्तर.

बोर्ड कोणतं घ्यावं यावर लोक महिनाभर वाद घालतात. पहिली-दुसरीला त्यानं फारसा फरक पडत नाही. बालभारतीचं पुस्तक असो की एनसीईआरटीचं, अक्षरं, शंभरपर्यंत आकडे आणि गोष्टी तीच. दर दोन-तीन वर्षांनी राज्याबाहेर बदली असेल तर सीबीएसई सोयीचं पडतं, एवढं खरं.

शाळा बघायला दोनदा जा

पहिल्यांदा न सांगता. शाळा भरायच्या वेळेला फाटकाबाहेर वीस मिनिटं उभ्या राहा. मुलं आत जाताना कशी दिसतात? रखवालदार त्यांच्याशी कसं बोलतो? उशिरा आलेल्या मुलाला काय ऐकावं लागतं? रिक्षातून किती पोरं उतरतात? बाहेर थांबलेल्या आयांशी बोला, तेही दुसरी-तिसरीतल्या मुलांच्या आयांशी. नुकती ॲडमिशन घेतलेल्यांना अजून काही कळलेलं नसतं. त्यांना 'शाळा चांगली आहे का' विचारलंत तर 'हो, छान आहे' हेच मिळेल. त्याऐवजी विचारा, "मागच्या वर्षीच्या बाई अजून आहेत का?" "मूल पडलं, ताप आला, तर फोन येतो का?" या दोन प्रश्नांवर माणसं मनापासून बोलतात.

दुसऱ्यांदा वेळ घेऊन, आत. तिथे एक माणूस तुम्हाला ऑडिटोरियम, संगणक कक्ष, रोबोटिक्स दाखवेल. बघा, पण मग म्हणा, "आमचं मूल ज्या वर्गात बसणार तो वर्ग बघायचाय, चालू असताना." दारातून पाच मिनिटं पुरतात. किती मुलं आहेत ते मोजा. कायद्याच्या हिशेबानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असावा. एका बाईंसमोर ४५ पोरं असतील तर त्या कितीही मायाळू असल्या तरी त्यांची नजर पुरणार नाही. भिंतीवर मुलांच्या हातची वेडीवाकडी चित्रं आहेत, की बाजारातून आणलेले चकचकीत तक्ते? मूल काही विचारायला उठलं तर बाई काय करतात?

मग लहान मुलांच्या स्वच्छतागृहात जा. 'आता साफसफाई चालू आहे' असं म्हणाले तर थांबा, होऊ द्या. आत गेल्यावर गुडघ्यांवर बसा, म्हणजे तुमचे डोळे मुलाच्या उंचीला येतील. कडी हाताला लागते का? दार आतून अडकलं तर बाहेरून उघडता येतं का? नळ पोचतो का? फरशी ओली-निसरडी आहे का? उजेड आहे का? मदतीला मावशी कुठे बसतात, आणि मुलांना त्यांचं नाव माहीत आहे का? मी हे असं गुडघ्यांवर बसून बघते तेव्हा सोबतचे लोक चमकतात. चमकू देत.

सुरक्षेबाबत थेट विचारायला संकोच करू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्या घटनेनंतर शासनानं शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी याबाबत कडक आदेश काढले. मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी त्याआधीपासून सांगितलेली आहे. समितीतल्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली आहेत का ते बघा. पेटी कोण उघडतं आणि कधी, ते विचारा. पेटीवर धूळ असेल तर ती शेवटची कधी उघडली ते कळतंच.

बसबद्दलही तसंच. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. बसमध्ये महिला मदतनीस रोज असते का, की फक्त ॲडमिशनच्या दिवसांत, हे थांब्यावरच्या पालकांना विचारा. व्हॅनवाल्या काकांकडे मूल द्यायचं असेल तर गाडीचा परवाना स्वतः बघा आणि एकदा गाडीतली डोकी मोजा.

मुलाला कोणत्या भाषेत शी लागते?

हा प्रश्न मी मुख्याध्यापकांना असाच विचारते. लातूर, जळगाव, सांगलीहून आलेलं पाच वर्षांचं मूल घाबरलं की मराठीतच बोलणार. "बाई, मला शी लागलीये" असं ते म्हणालं तर त्याला लगेच पाठवतात, की आधी 'से इट इन इंग्लिश' म्हणतात? इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या शाळांत बाई मुलाच्या भाषेत उत्तर देतात आणि हळूहळू इंग्रजी आणतात. मराठी बोललं म्हणून दंड, शिक्षा किंवा सगळ्यांसमोर उभं करणं जिथे चालतं, त्या शाळेत मी पाऊल ठेवणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे.

मराठी माध्यम हा पर्याय बघण्याआधीच खोडू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हणतं. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरची अक्षरनंदन ही मराठी माध्यमाची शाळा आहे आणि शहरातली सुशिक्षित घरं हौसेनं तिथे मुलं घालतात. सेमी इंग्रजीचे वर्गही बऱ्याच शाळांत आहेत. मराठी माध्यम, पण गणित-विज्ञान इंग्रजीतून. जी मुलं नवं गाव, नवं घर, नवे मित्र एकदम झेलत असतात, त्यांना भाषा तरी ओळखीची मिळाली तर ती लवकर रुळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि इंग्रजी शाळा घेतलीत तरी मराठी सुटत नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं आहे. आठवड्याला किती तास आणि कोण शिकवतं, ते विचारून घ्या.

फी: पहिल्या वर्षाचा पूर्ण आकडा लेखी घ्या

ऑफिसात सांगतात ती बहुधा नुसती शिकवणी फी असते. प्रवेश फी, सत्र फी, डिपॉझिट, बस, पुस्तकं, दोन गणवेश, खेळाचे बूट, सहल, गॅदरिंगचा पोशाख हे सगळं मिळून आकडा कितीतरी वर जातो. एका कागदावर सगळं लिहून मागा, खाली शाळेचा शिक्का घ्या. डिपॉझिट कधी परत मिळतं आणि जून उजाडण्याआधी ॲडमिशन रद्द केली तर किती कापतात, तेही त्याच कागदावर. फिरतीच्या नोकरीवाल्यांना हे विशेष लागू.

प्रवेशासाठी देणगी मागणं बेकायदा आहे. आपल्या राज्यात त्यासाठी १९८७ चा कायदा आहे, आणि शिक्षण हक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहापट दंडाची तरतूद आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. मुलाची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करणंही शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. 'सहज गप्पा' म्हणून बोलावलं तर जा, पण पोराला आदल्या रात्री प्रश्नोत्तरं पाठ करायला लावू नका.

फीवाढीवर २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं वाढवता येत नाही आणि वाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. या समितीतले पालक सोडतीनं निवडतात. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात हा संघ स्थापन व्हायला हवा, तेव्हा आपलं नाव जरूर द्या. नव्यानं आलोय म्हणून मागे राहू नका.

उत्पन्न कमी असेल किंवा वंचित घटकात मोडत असाल, तर विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के मोफत जागांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो आणि भाड्याचं घर असेल तर करार नोंदणीकृत हवा. नोटरीच्या कागदावर भिस्त ठेवू नका. २०२४ मध्ये या जागांवर कात्री लावणारा बदल राज्यानं केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला.

दाखला घरी आणण्याआधी वाचा

पहिलीत किंवा पुढे जाणार असाल तर जुन्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल. तो खिडकीवरच उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, आकड्यांतली आणि अक्षरांतली जन्मतारीख, जन्मठिकाण तालुका-जिल्ह्यासह, जातीची नोंद, मातृभाषा. ही नोंद नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरला जशीच्या तशी उतरते आणि पुढे जातीच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तीच विचारली जाते. आज पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती दहावीनंतर महिनोन्‌महिने चकरा मारायला लावते. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. इथून परत जाऊन ती आणणं फार जिवावर येतं. ऑनलाइन प्रणालीतही जुन्या शाळेनं मुलाचं नाव सोडावं लागतं, नाहीतर नव्या शाळेला ते घेता येत नाही. निघण्याआधी तिथल्या लेखनिकांचा फोन नंबर घेऊन ठेवा.

बाकी जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, फोटो. मूळ प्रत कुणालाही ठेवायला देऊ नका, दाखवून परत घ्या.

शाळा सुरू झाल्यावर

'आज काय शिकवलं' असं विचारू नका, 'आज कुणाशेजारी बसलीस' असं विचारा. दप्तर हातात धरून बघा, मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जड नको. दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा असं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. पहिलीच्या पोराला रोज चार पानं लिहायला येत असतील तर बाईंना भेटून हे सांगा. भांडू नका, पण सांगा.

रडणं आठ-पंधरा दिवस चालतं, त्यानं घाबरून जाऊ नका. डबा आणि बाटली मात्र रोज स्वतः उघडून बघा. बाटली तीन दिवस भरलेली परत आली, तर चौथ्या दिवशी शाळेत जा आणि बाथरूमच्या कडीपासून विचारायला सुरुवात करा.